टाकीत पाच तास, प्रवास पावणेतीन तासांचा: मग इंधनाचं एवढं गणित कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: बारामतीत कमर्शियल लायसन्सचं प्रशिक्षण चालू आहे, 300 नॉटिकल मैलांची सोलो क्रॉस-कंट्री (एकट्यानं, वाटेत दोन विमानतळांवर उतरून करायचं लांब उड्डाण) तोंडावर आली आहे, विमान सेस्ना 172एस. टाकी फुल असली की पाच तास, प्रवास पावणेतीन तासांचा. तरी इन्स्ट्रक्टर इंधनाच्या कागदावर का अडून बसतात? आणि इंजिन बंद पडलंच, तर आपल्या भागात शेत कसं निवडायचं?

दोन्ही एकत्र विचारलंत ते बरं झालं, कारण माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे. इंजिनातला कनेक्टिंग रॉड तुटतो तेव्हा तो आधी कळवत नाही. इंधन संपून बंद पडणारं इंजिन मात्र तासभर आधीपासून सांगत असतं. त्या तासात तुमच्याकडे पॉवर असते, उंची असते, पर्याय असतात. तरीही माणसं तो तास घालवतात आणि शेवटची तीन मिनिटं शेत शोधतात.

हे फक्त नवख्यांचं होतं असं वाटत असेल तर अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या संस्थेनं, 2017 मध्ये काढलेली सूचना बघा. 2011 ते 2015 या काळात तिथे इंधनाच्या हाताळणीमुळे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात झाले. त्यातल्या वैमानिकांपैकी जवळपास निम्म्यांकडे कमर्शियल किंवा त्याहून वरचं लायसन्स होतं. विद्यार्थी होते सुमारे 2 टक्के. विद्यार्थ्यांच्या कागदावर कोणीतरी अडून बसलेलं असतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

आता तुमचे पाच तास. 172एसच्या दोन टाक्यांत मिळून 56 गॅलन मावतात, वापरता येतात 53, म्हणजे साधारण 200 लिटर. ताशी 40 लिटर धरले की पाच तास येतात. पण ते 40 कुठून आले? मॅन्युअलमधल्या क्रूझच्या तक्त्यातले आकडे मिक्श्चर लीन केलेल्या, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी केलेल्या, इंजिनाचे असतात. 65 टक्क्यांच्या आसपास पॉवर आणि नीट लीन केलेलं मिक्श्चर असेल तर ताशी 32 लिटरच्या जवळपास जातं. तेच इंजिन, तीच उंची, पण मिक्श्चर पूर्ण रिच (इंधन जास्तीत जास्त) ठेवलं की 42 लिटर सहज.

तुमच्याच प्रवासावर हे लावून बघा. 110 नॉट्सनं (ताशी नॉटिकल मैल) 300 मैल म्हणजे 2 तास 44 मिनिटं, वारा नसेल तर. 150 मैल जायचं आणि 150 यायचं असं सोपं धरू. 30 नॉट्सचा वारा जाताना पाठीशी असेल, तर जायला 1 तास 4 मिनिटं आणि यायला जवळपास 1 तास 53 मिनिटं. एकूण 2 तास 57. जाताना वाचलेला वेळ येताना पुरत नाही, कारण तोंडावरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. मार्ग त्रिकोणी असला तरी हेच. म्हणून तीन तास धरा.

लीन मिक्श्चरनं तीन तासांचे 96 लिटर. तुम्ही तीनदा इंजिन सुरू करणार, तीनदा टॅक्सी, तीनदा चढाई, सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, थोडं थांबणं. त्याचे दर खेपेला 8 प्रमाणे 24. दुसऱ्या विमानतळाकडे वळावं लागलं तर अर्ध्या तासाचे 16. आणि ज्याला हात लावायचा नाही असा 45 मिनिटांचा राखीव साठा, 24. बेरीज 160. टाकीत 200. छान.

आता हीच बेरीज पूर्ण रिच मिक्श्चरवर करा: 126, 24, 21 आणि 32. होतात 203. तीच टाकी, तोच प्रवास, तेच विमान. फक्त मिक्श्चरच्या लाल नॉबला हात लावला नाही म्हणून कागदावरच तीन लिटर कमी. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना सोलोवर मिक्श्चर हलवू देत नाहीत. तसा नियम असेल तर तो पाळा, पण मग गणितही रिचच्या आकड्यानं करा. रिच उडवायचं आणि लीनच्या तक्त्यानं मोजायचं, हा प्रकार मी सर्रास पाहतो.

दुसरं, टाकी फुल होती हे तुम्हाला कोणी सांगितलं? सर्किटच्या सरावासाठी बऱ्याचदा फिलर नेकमधल्या (टाकीच्या तोंडातल्या) टॅबपर्यंत, म्हणजे खुणेच्या पट्टीपर्यंतच भरतात. 172एसला टॅबपर्यंत म्हणजे दोन्ही बाजू मिळून 35 गॅलन, जेमतेम 132 लिटर. वरची 160 ची बेरीज त्यात बसत नाही. शिडी लावा, कॅप उघडा, डिपस्टिक बुडवा. डिपस्टिक त्याच विमानाची हवी. शेजारच्या विमानाची, तीही दुसऱ्या मॉडेलची, चालत नाही. विमान उतारावर उभं असेल तर आधी सपाटीवर आणा. कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्या) ठेवून तिरकं उभं केलेलं विमान रात्रभरात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन सोडत राहतं, म्हणूनच उभं करताना सिलेक्टर डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायला मॅन्युअल सांगतं. गेज मी बघतो, पण ते डिपस्टिक आणि घड्याळाशी जुळतं का एवढ्यापुरतंच.

कॅप घट्ट बसली का, तिचं रबर फाटलंय का हेही बघा. पंखाच्या वर उड्डाणात दाब कमी असतो, त्यामुळे ढिल्या कॅपमधून इंधन बाहेर ओढलं जातं आणि आत बसलेल्याला कळतही नाही. पंखाच्या वरच्या बाजूला निळसर डाग दिसला तर तो याचाच. टाकीत हवा आत घेणाऱ्या नळीत, व्हेंटमध्ये, वाकून बघा: आपल्याकडे विमान चार दिवस उभं राहिलं की कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. व्हेंट बुजला की टाकीत इंधन असून ते खाली उतरत नाही. ड्रेन (तळाचं पाणी काढून बघायच्या तोट्या) तर सगळे काढायचेच. 172एसला तब्बल 13 आहेत, आणि पावसाळ्यात त्यातल्या एकाचाही कंटाळा करू नये. एव्हीगॅस 100 एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळं दिसलं पाहिजे. रंग नाही, रॉकेलसारखा वास येतोय, म्हणजे कोणीतरी जेट विमानांचं इंधन, जेट ए-1, भरलंय. त्या विमानाला हात लावू नका.

वाटेत जिथे उतरणार त्या दोन ठिकाणी इंधन मिळेल असं धरून चालू नका. जेट ए-1 मोठ्या विमानतळांवर सहज मिळतं, एव्हीगॅसचं तसं नाही. इंडियन ऑइलनं 2022 मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते तयार करेपर्यंत आपण बाहेरूनच मागवत होतो. आदल्या दिवशी फोन करा. ‘बहुतेक असतं’ हे उत्तर मी ‘नाही’ असं ऐकतो.

एककांचा घोळ वेगळाच. मॅन्युअल अमेरिकन गॅलनमध्ये, पंपावर लिटर, वजनाची लोडशीट पौंडात नाहीतर किलोत. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा, कॅल्क्युलेटरवर चुकीचा निवडलात की वीस टक्के इंधन हवेतल्या हवेत निर्माण होतं. मोठ्यांनाही हे चुकत नाही असं नाही. 23 जुलै 1983 ला एअर कॅनडाचं बोइंग 767 कॅनडात 41,000 फुटांवर कोरडं पडलं. लिटरचे किलो करताना 0.8 ऐवजी 1.77 नं गुणलं होतं. तो पौंडांचा गुणक. ते गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर इंजिनांशिवाय उतरलं आणि सगळे वाचले. कॅप्टनला ग्लायडरचा सराव होता. तुमच्या कागदावर एकच एकक ठेवा, आणि ते पंपावर दिसतं ते.

इंधन संपणं वेगळं आणि असलेलं इंधन इंजिनापर्यंत न पोहोचणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात गायक जॉन डेन्व्हरचा अपघात मला विद्यार्थ्यांसमोर सर्वात उपयोगी वाटतो. 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ त्याचं लाँग-ईझेड हे घरगुती बांधणीचं छोटं विमान समुद्रात पडलं. बांधणाऱ्यानं मूळ आराखड्यातली जागा सोडून इंधनाचा सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायचा तर मान आणि खांदा मागे वळवावा लागे. इंधनाचे गेजही मागेच होते. उड्डाणापूर्वी तिथल्या तंत्रज्ञाशी या सिलेक्टरबद्दल बोलणं झालं होतं, गेज दिसावा म्हणून आरसाही देऊ केला गेला होता. इंधन मात्र भरलं नाही. तासभरच उडायचं होतं. चौकशीचा निष्कर्ष असा की सिलेक्टरपर्यंत हात नेताना लक्ष उडवण्यावरून हटलं, उजव्या रडरच्या पेडलवर नकळत पाय पडला आणि ताबा सुटला. म्हणजे इंजिनाच्या शांततेनं जीव घेतला नाही. तिच्यामागे धावताना विमान हातचं गेलं. 172 चा सिलेक्टर दोन सीटच्या मध्ये जमिनीवर आहे आणि सेस्ना 152 ला तर फक्त चालू-बंद एवढंच. तरीसुद्धा सोलोपूर्वी जमिनीवर बसून, डोळे मिटून तो फिरवून बघा. बाहेर बघत फिरवता आला पाहिजे.

हवेत गेल्यावर काम सोपं, पण चुकवायचं नाही. दर चेकपॉइंटला तीन गोष्टी लिहा: वेळ, ठरवलेल्या वेळेपेक्षा किती मागे, आणि आता उतरताना टाकीत किती उरेल. तिसरा आकडा महत्त्वाचा. आत्ता किती आहे यानं दिलासा मिळतो, उतरताना किती उरेल यानं निर्णय होतो. पहिल्या टप्प्यातच सहा मिनिटं मागे पडलात तर पुढच्या दोन टप्प्यांत ती आपोआप भरून निघणार नाहीत. निघण्यापूर्वीच कागदाच्या कोपऱ्यात एक वेळ लिहून ठेवा: या वेळेपर्यंत अमुक ठिकाण दिसलं नाही तर मी वळणार. हा निर्णय हँगरच्या सावलीत घ्यायचा. हवेत घ्यायला गेलात की ‘आलंच आता, वीस मिनिटं’ हा आवाज मध्ये येतो.

दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर बघून करायच्या) उड्डाणासाठी आंतरराष्ट्रीय मानक 30 मिनिटांच्या अंतिम राखीव साठ्याचं आहे, रात्रीसाठी 45. मी दिवसाही 45 च्या खाली विद्यार्थ्याला सोडत नाही. आणि तो साठा मोटारसायकलच्या रिझर्व्हसारखा नाही. पेट्रोलपंपापर्यंत जायला तो ठेवलेला नसतो. तो वापरावा लागला म्हणजे बेत फसला.

तसं होताना दिसलं तर बोला. शब्द ठरलेले आहेत. उतरताना राखीव साठ्याला हात लागू शकतो, आणखी उशीर चालणार नाही, असं असेल तर ‘मिनिमम फ्युएल’. लागणारच असेल तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. 25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ एव्हियान्काचं बोइंग 707 तासाहून अधिक काळ घिरट्या घालून इंधन संपून पडलं, 73 माणसं गेली. इंधन संपत आल्याचं ते सांगत होते, प्राधान्य मागत होते, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आपल्या मुलांना तर कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायचाच संकोच असतो, वर क्लबात काय म्हणतील ही भीती. म्हणू द्या.

आणि आता माझा सर्वात आवडता, पण फारसा कोणी वापरत नाही असा पर्याय: इंजिन चालू असतानाच शेतात उतरणं. वाट चुकलीय, ढग खाली आलेत, 20 मिनिटांचं इंधन उरलंय आणि विमानतळ 25 मिनिटांवर आहे. अशा वेळी पाच मिनिटांची कमतरता नशिबावर सोडण्यापेक्षा, पॉवर हातात असताना चांगला माळ शोधा. 172एसला फ्लॅप्स (पंखामागच्या, हळू उडता यावं म्हणून खाली करायच्या झडपा) 20 अंश, वेग 65 नॉट्स, त्यावरून एकदा जाऊन तारा, खड्डे, जनावरं बघा, मग पूर्ण फ्लॅप्स लावून या. आवडलं नाही तर थ्रॉटल लावून पुन्हा वर जाता येतं. विमान वाया जाईल म्हणून मुलं हे टाळतात, आणि वीस मिनिटांनी पॉवरशिवाय, जे खाली येईल त्यात उतरतात.

इंजिन बंदच पडलं तर पहिलं काम नाक सांभाळून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जाण्याचा, वेग धरणं. 172एसचा ग्लाइडचा वेग 68 नॉट्स, 152 चा 60. दर 1000 फुटांना साधारण दीड नॉटिकल मैल मिळतो, वारा नसताना. पण फूट जमिनीपासूनचे मोजा. पुण्याचा विमानतळच समुद्रसपाटीपासून 1900 फुटांहून उंच आहे. देशावर अल्टिमीटर 4500 दाखवतो तेव्हा तुमच्या खाली फार तर 2500 आहेत. म्हणजे पावणेचार मैल आणि सव्वातीन मिनिटं, एवढंच. त्यातला पहिला अर्धा मिनिट शेत ठरवायला, मग सिलेक्टर ‘बोथ’, पंप, मिक्श्चर, मॅग्नेटो (ठिणगीचा स्विच). 152 असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा), आणि कोकणच्या दमट हवेत तर सर्वात आधी. मग आणीबाणीच्या 121.5 वर किंवा ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच मेडे, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्रावर) 7700. इंजिन परत लागलं नाही तर उतरण्यापूर्वी मिक्श्चर, सिलेक्टर, मॅग्नेटो बंद, फ्लॅप्स लावून झाले की मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दारं उघडी. टेक-ऑफनंतर लगेच बंद पडलं तर समोरच, थोडं डावी-उजवीकडे. मागे धावपट्टीकडे वळायला 45 अंश कललात की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलेनासे होतात तो) 19 टक्क्यांनी वाढतो, आणि त्या उंचीवरून स्टॉलमधून बाहेर येता येत नाही.

शेतांबद्दल नीट लिहितो, कारण परदेशी पुस्तकांतली हिरवी कुरणं इथे नाहीत. बारामती, इंदापूर, फलटण भागात पहिली पसंती मुरमाड माळाला. तो नसेल तर नुकतंच पीक निघून कुळवलेलं रान. खोल नांगरट झालेलं, ढेकळांचं रान टाळा. नोजव्हील त्यात रुततं. ज्वारीची धसकटं टायर फोडतील, पण तुम्हाला काही करणार नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक बुडालं की विमान पालथं होतं. तिथे पट्टे आवळून, नाक शक्य तितकं वर धरून टेकायचं. सऱ्यांच्या दिशेनं उतरा, आडवे नाही, थोडा आडवा वारा आला तरी चालेल. उभा ऊस हा शेवटचा पर्याय, पण पर्याय आहे: शेंड्यांनाच जमीन समजून कमीत कमी वेगानं बसायचं. द्राक्षबाग कधीच नाही. वरून गालिच्यासारखी दिसते, आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात.

विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. विहीर किंवा शेततळं दिसलं की तिथवर मोटारीसाठी लाइन आलेली आहे असंच समजा. रस्ता मोह घालतो, पण दुभाजक, कमानी, दिव्यांचे खांब आणि उसाच्या ट्रॉल्या असलेल्या रस्त्यापेक्षा शेजारचं रान बरं. वाऱ्यासाठी धूर शोधा. गळिताच्या हंगामात कारखान्याचं धुराडं, गुऱ्हाळ, पाचट पेटवलेलं शेत यांपैकी काहीतरी दिसतंच. एरवी उजनीच्या पाण्यावरच्या लाटा.

शेत निवडलं की बदलू नका, आणि शेवटी विमान वाचवायला जाऊ नका. वाऱ्याच्या तोंडावर 45 नॉट्सनं जमिनीवर आलात आणि पाठीवर वारा घेऊन 65 नं आलात, तर दुसऱ्या वेळी ऊर्जा दुपटीहून जास्त असते. 45 नॉट्सवरून थांबायला, 9 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) मर्यादेत, जेमतेम 3 मीटर सरळ अंतर लागतं. ते पंख, चाकं, झुडपं चुरडून मिळालं तरी चालतं. पण हे गणित विमान ताब्यात असेल, सरळ आणि हळू असेल तेव्हाचं. बांधाला धडकणं वाचण्यासारखं असतं. बांध टाळायला नाक ओढून 50 फुटांवर स्टॉल करणं बहुधा नसतं.

मार्ग घाट ओलांडत असेल तर उंची खर्च न करता ओलांडा, आणि कडा ते किनारा या पट्ट्यात पॉवरशिवाय उतरायला फारसं काही नाही असं धरून चाला. भातखाचरं छोटी आणि पायऱ्यांची. जांभ्याचे सडे सपाट दिसतात पण खडक वर आलेले असतात. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू त्यातल्या त्यात बरी, कोरडी वाळू नाही. असा टप्पा असलेला मार्ग तुम्ही निवडला असेल तर त्याआधीच्या विमानतळावर इंधन पुन्हा मोजा.

उतरल्यावर मास्टर आणि सिलेक्टर बंद आहेत ना हे बघून लांब व्हा. दहा मिनिटांत अख्खं गाव गोळा होईल, आणि त्यात एखादा बिडी पेटवलेला नक्की असेल. पंखातून इंधन गळत असेल तर पहिलं काम लोकांना लांब ठेवायचं. सरपंच किंवा पोलीसपाटील यांना गाठा. ते चार माणसं उभी करतात. क्लबला फोन करून जागा सांगा. विमान कोणाला हलवू देऊ नका, ट्रॅक्टर लावून ‘कडेला घेऊ’ म्हणतील तरी नाही. चौकशीशिवाय ते हलवता येत नाही, माणूस काढायचा असेल असे मोजकेच अपवाद. पिकाच्या नुकसानीचं बोलणं क्लबवर सोडा, शेतकऱ्याला तुम्ही कुठलाही आकडा कबूल करू नका.